लुइझियानातल्या ऊसमळ्याची एक दिवसाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ह्यूस्टनला राहते. न्यू ऑर्लिन्स इथून गाडीने साडेपाच-सहा तासांवर, त्यामुळे भारतातून कुणी आलं की एक फेरी ठरलेली. फ्रेंच क्वार्टर बघून झालं, साखर भुरभुरलेली बेन्ये खाऊन झाली, की पाहुणे विचारतात, "ते प्लँटेशन की काय असतं, ते बघण्यासारखं आहे का?" मी मिसिसिपीकाठच्या या मळ्यांवर तीनदा गेले आहे, त्यात एकदा आई-बाबांना घेऊन. फोनवर पुन्हा पुन्हा जी उत्तरं देते, ती इथे एकत्र लिहून ठेवतेय.

प्लँटेशन म्हणजे मळाच ना? मग त्यात बघायचं काय?

शब्दाने मळाच. पण आपल्या मनातला मळा म्हणजे विहीर, चार आंब्याची झाडं आणि बांधावर बसून खाल्लेली भाकरी. अमेरिकेच्या दक्षिणेतलं प्लँटेशन म्हणजे शेकडो एकरांवर एकच नगदी पीक, एक मालक, आणि ते पीक काढण्यासाठी विकत घेतलेली माणसं. व्हर्जिनियात तंबाखू, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर भात आणि नीळ, मिसिसिपी-अलाबामात कापूस, आणि दक्षिण लुइझियानात ऊस. १८६०च्या जनगणनेत एकट्या लुइझियाना राज्यात ३,३१,७२६ गुलाम माणसांची नोंद आहे. सबंध देशात चाळीस लाखांच्या आसपास.

तिथे उभा असलेला पांढऱ्या खांबांचा वाडा सुंदर असतो, यात वाद नाही. पण त्या वाड्याची प्रत्येक वीट कुणी भाजली, हे विचारायला जाणार असाल तर जा. नुसता वाडा बघायचा असेल तर तुमच्या गावाजवळचा एखादा संस्थानी राजवाडा बघा, तोही तेवढाच छान असेल.

इतके मळे आहेत, त्यातला कुठला निवडायचा?

न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज यांच्यामध्ये नदीच्या दोन्ही काठांनी जो रस्ता जातो त्याला रिव्हर रोड म्हणतात. पर्यटकांच्या तोंडी नावं साधारण तीन: ओक ॲली, लॉरा आणि व्हिटनी.

ओक ॲली म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. नदीपासून वाड्यापर्यंत ओकच्या २८ झाडांची कमान, आणि शेवटी १८३०च्या दशकाअखेर बांधलेला वाडा. झाडं वाड्याहून कितीतरी जुनी. मागच्या बाजूला गुलामांच्या झोपड्या नव्याने उभारून तिथे माहिती लावली आहे. ती वाचण्यासारखी आहे, पण बहुतेक माणसं झाडांखालीच अडकतात.

लॉरा हे क्रिओल, म्हणजे लुइझियानातच रुजलेल्या फ्रेंच वळणाच्या, घराण्याचं घर. रंगीबेरंगी, लाकडी, १८०५चं. इथे फ्रेंच भाषेचा, कुटुंबातल्या वाटण्यांचा, बायकांनी चालवलेल्या कारभाराचा भाग फार चांगला सांगतात. भाऊबंदकीच्या कथा आपल्याला लगेच कळतात.

व्हिटनी मात्र वेगळं. १७५२ साली हायडेल नावाच्या जर्मन कुटुंबाने हा मळा सुरू केला. आधी नीळ, मग ऊस. गुलामीवरून उत्तर-दक्षिण राज्यांत झालेल्या १८६१-६५च्या गृहयुद्धानंतर आलेल्या मालकाने आपल्या नातवाच्या आडनावावरून त्याला व्हिटनी हे नाव दिलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी जॉन कमिंग्ज नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या वकिलाने तो विकत घेतला, वर्षानुवर्षं पैसा ओतला, आणि डिसेंबर २०१४मध्ये लोकांसाठी उघडला. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक सुरुवातीपासून संशोधनाची बाजू सांभाळत आले. इथली सगळी टूर गुलाम केलेल्या माणसांच्या बाजूने सांगितलेली आहे. मालकाचा वाडा त्या गोष्टीत अगदी शेवटी येतो.

एकच बघायचं असेल तर व्हिटनी. दोन बघायची असतील तर सकाळी व्हिटनी आणि दुपारी लॉरा. ओक ॲली आधी बघितलं की व्हिटनीला जायला पाय उचलत नाही, आणि व्हिटनी आधी बघितलं की ओक ॲलीच्या झाडांखाली फोटोसाठी हसणं जमत नाही. दुसरा त्रास मला परवडतो.

नॉटोवे बघायचं राहिलंच, असं एक काकू म्हणत होत्या. ते अजून आहे का?

नाही. नॉटोवे हा दक्षिणेत उरलेला गृहयुद्धापूर्वीचा सगळ्यात मोठा वाडा समजला जायचा. १५ मे २०२५ला लागलेल्या आगीत तो जळून गेला. तेव्हा समाजमाध्यमांवर कुणी हळहळलं, कुणी टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि जेवायला बोलावताना मी त्यांना एका दिवशी बोलावत नाही.

न्यू ऑर्लिन्सहून जायचं कसं?

गाडी असेल तर आय-१०ने पश्चिमेकडे, ग्रॅमर्सीजवळच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि हायवे १८ धरायचा. तासाभराचा रस्ता. नदी दिसेल म्हणून खिडकीला नाक लावून बसू नका. पुराला अडवायला काठाने इतका उंच मातीचा बांध घातलाय की रस्त्यावरून पाणी दिसतच नाही. दिसतात ते उसाचे फड आणि त्यांच्या मधूनच वर आलेल्या रसायन कारखान्यांच्या चिमण्या. जुन्या मळ्यांच्या लांबचलांब पट्ट्या कंपन्यांना आयत्याच मिळाल्या. आज या भागाला लोक 'कॅन्सर ॲली' म्हणतात, आणि शेजारच्या वस्त्यांत राहणारे पुष्कळ जण त्याच मळ्यांवर राबलेल्यांचे वंशज आहेत. टूरचा हा भाग तिकिटात धरलेला नसतो, पण काच खाली करून बघा.

गाडी नसेल तर टूर कंपनीची बस घ्या. हॉटेलजवळून उचलतात, एका मळ्याची अर्ध्या दिवसाची किंवा दोन मळ्यांची पूर्ण दिवसाची टूर असते. ॲपवरून टॅक्सी करून जायचा विचार करू नका. जायला मिळेल, परतायला मिळणार नाही.

व्हिटनी मंगळवारी बंद असतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि दर व वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

गाईडसोबतची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

दोन्ही सोयी असतात. फोनवर ऐकत फिरता येतं आणि ते वाईट नाही. पण माझं मत विचाराल तर गाईड घ्याच. फोनला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि माझ्या बाबांसारखा माणूस बरोबर असेल तर प्रश्न संपत नाहीत.

टूरमध्ये नेमकं काय काय दाखवतात?

हे व्हिटनीचं सांगते. दीडेक तास चालायचं असतं, बहुतेक उघड्यावर.

सुरुवातीला एक साधं लाकडी चर्च. मुक्तीनंतर सुटलेल्या माणसांनी बांधलेलं, नदीपलीकडून हलवून इथे आणलेलं. आत बाकांच्या आसपास, कोपऱ्यात, दाराशी लहान मुलं उभी आहेत. वुड्रो नॅश या शिल्पकाराने घडवलेली, खऱ्या उंचीची, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा असलेली. आम्ही गेलो तेव्हा प्रत्येकाला गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं होतं. त्यावर एका मुलाचं चित्र आणि मागे त्याच माणसाचे म्हातारपणीचे शब्द. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखकांनी दक्षिणेत हिंडून गुलामीत जन्मलेल्या, तेव्हा ऐंशी-नव्वदीत असलेल्या दोन हजारांवर माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. म्हणजे गुलामीच्या आठवणी सांगणारे हे लोक गुलामीत होते तेव्हा लहान होते. म्हणून चर्चमध्ये मुलं उभी आहेत. हे लक्षात यायला मला दुसरी फेरी लागली.

मग ग्रॅनाइटची भिंत. या एका मळ्यावर राबलेल्या साडेतीनशेहून अधिक माणसांची नावं त्यावर कोरली आहेत. आडनाव जवळजवळ कुणालाच नाही. कुठे नावापुढे जन्माचं अंदाजी वर्ष, कुठे काम, कुठे आफ्रिकेतल्या कुठल्या लोकांतला तेवढंच. ही माहिती मिळाली कशी? मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. त्या यादीत भांडी, बैल, नांगर आणि माणसं एकाखाली एक, प्रत्येकासमोर किंमत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहीर आणि झाडं लावतात ना, तसं. आपल्या पूर्वजांचं नाव फक्त दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत सापडावं, याची कल्पना करून बघा.

त्यापुढे आणखी भिंती आहेत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी कोर्टांच्या तळघरांतून, फ्रेंच आणि स्पॅनिश दस्तऐवजांतून लुइझियानातल्या १,०७,००० गुलाम माणसांची नावं गोळा केली, ती सगळी इथे कोरली आहेत. आणि एक छोटं गोल अंगण लहान मुलांसाठी. या एका परगण्यात गुलामीत दगावलेल्या २,२०० मुलांच्या नोंदी तिथे आहेत. काही नाव ठेवायच्या आधीच गेली म्हणून नुसतं 'बाळ', आईचं नाव आणि वय. माझ्या आईने तिथे एका कठड्यावर बसून पुढे यायला नकार दिला. आम्हीही आग्रह केला नाही.

एक लोखंडी तुरुंगही आहे. तो बघून लोक दचकतात आणि पटापट फोटो काढतात. पण तो १८६८चा आहे, म्हणजे गुलामी कायद्याने संपल्यानंतरचा, आणि या मळ्यावरचा नाहीच. दुसरीकडून आणून ठेवलाय. चांगला गाईड हे स्वतःहून सांगतो. मला विचाराल तर तो नसता तरी चाललं असतं, ती भिंत पुरेशी आहे.

ऊसवाल्या घरातून आलेल्यांना यात वेगळं काही दिसतं का?

दिसतं, आणि मी या पानावर सगळ्यात जास्त याच प्रश्नावर लिहिणार आहे. माझं माहेर सांगलीकडचं. आजोबांचं गुऱ्हाळ होतं.

झोपड्यांजवळ गवतात मोठमोठ्या ओतीव लोखंडी कढया पालथ्या-उताण्या पडलेल्या आहेत, पावसाचं पाणी साठलेल्या. आमच्या गटातल्या लोकांना वाटलं बागेतली कारंजी आहेत. बाबा थेट गेले, वाकून कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही काहील आहे." मग मला म्हणाले, "विचार त्याला, चुलाण कुठाय?"

गाईडने सांगितलं ते असं. आपल्याकडे गूळ करताना एका चुलाणावर, म्हणजे भट्टीवर, एक मोठी काहील. इथे एका लांब भट्टीवर चार-पाच कढया ओळीने, पहिली सगळ्यात मोठी आणि शेवटची सगळ्यात लहान. रस पहिल्या कढईत ओतायचा, मळी काढायची, घट्ट होईल तसा लांब दांड्याच्या पळ्यांनी उचलून पुढच्या कढईत टाकायचा. म्हणजे माणूस उकळता पाक डोक्याएवढ्या उंचीवर उचलतोय, रात्री दोन वाजता, चौदाव्या-पंधराव्या तासाला. पाक अंगावर उडाला तर काय होतं ते गुऱ्हाळात वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाबांच्या मनगटावर अजून डाग आहे. आपल्या गुळव्यासारखाच इथेही शेवटच्या कढईपाशी एक जाणता माणूस उभा असायचा. पाक झाला की नाही ते तोच ठरवायचा, आणि तो चुकला तर सबंध कढईचा पाक वाया.

एवढी घाई का? कारण हवामान. ऊस हे उष्ण प्रदेशातलं पीक, आणि लुइझियानात थंडी पडते. तिथे उसाला वाढायला जेमतेम नऊ-दहा महिने मिळतात. दव गोठवणारी थंडी पडली की उभा ऊस नासतो. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारी रात्रंदिवस तोड आणि गाळप. १७९५ साली एतिएन द बोरे या मळेवाल्याच्या मळ्यावर दाणेदार साखर काढून दाखवली गेली, आणि त्यानंतर नदीकाठची नीळ हटून ऊसच ऊस झाला. व्हिटनीच्या मळ्याने एका हंगामात ४,०७,००० पौंड साखर काढल्याचं सांगतात. म्हणजे साधारण १८५ टन. आपल्याकडचा मध्यम कारखानाही आज एवढी साखर एका दिवसात पोत्यांत भरतो. तिथे ती शंभरेक माणसांनी हाताने काढलेली, विळ्याने तोडून, खांद्यावर वाहून, कढयांत ढवळून. साखरेच्या मुलखात मरणारे जन्मणाऱ्यांहून जास्त असायचे, आणि उणी पडलेली माणसं न्यू ऑर्लिन्सच्या बाजारातून विकत आणली जायची. १८०८मध्ये आफ्रिकेतून माणसं आणायला कायद्याने बंदी झाली, तेव्हा व्हर्जिनिया-मेरीलँडकडून साखळीत बांधून चालवत नाहीतर जहाजात भरून दक्षिणेकडे आणू लागले. गृहयुद्धापर्यंत अशी दहा लाखांच्या आसपास माणसं देशातल्या देशात विकली-हलवली गेली.

आणखी एक गोष्ट. कढयांच्या ओळीऐवजी बंद भांड्यांत, कमी दाबाखाली, एका भांड्याच्या वाफेवर दुसरं तापवत रस आटवायची पद्धत नॉर्बर्ट रिलियो याने शोधली आणि १८४०च्या दशकात तिची पेटंटं घेतली. तो न्यू ऑर्लिन्सचा, गोरा बाप आणि कृष्णवर्णीय आई, पॅरिसला शिकलेला. आज आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात इव्हॅपरेटरचा जो संच असतो, त्याचं मूळ ते. बाबांनी आयुष्यभर कारखान्याची चिमणी बघितली, हे नाव त्यांनी पहिल्यांदा इथे ऐकलं.

मग हे आपल्या ऊसतोड कामगारांसारखंच झालं की?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि बहुतेक वेळा टूरच्या मधेच, मोठ्याने, मराठीत.

कोयता, उचल, मुकादम, बीडहून निघणाऱ्या टोळ्या, फडाच्या कडेला कोप्या. ते आठवणारच, आणि आठवावंच. पण 'सारखंच' म्हणू नका. उचलीत अडकलेला माणूस पिचतो, पण त्याच्या मुलाची विक्री होत नाही. इथे आई गुलाम तर मूल जन्मतः गुलाम, हा कायदा होता. लुइझियानात फ्रेंचांनी १७२४ साली लागू केलेल्या संहितेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. तुलना करायची तर मुक्तीनंतरच्या काळाशी करा. माणसं सुटली, पण जमीन मिळाली नाही. त्याच मळ्यावर, त्याच झोपड्यांत, मालकाच्याच दुकानातून उधारीवर पीठ-मीठ घेत पिढ्यान्‌पिढ्या राबली. व्हिटनीच्या झोपड्यांत १९७०च्या दशकापर्यंत माणसं राहत होती. तो भाग ऐकताना बाबा एकदम गप्प झाले होते.

तिथल्या माणसांनी कधी बंड केलं नाही का?

केलं, आणि अमेरिकेतलं सगळ्यात मोठं इथेच केलं. ८ जानेवारी १८११च्या रात्री चार्ल्स देलोंद याच्या पुढाकाराने अँड्री नावाच्या मालकाच्या मळ्यावर उठाव झाला. कोयते, कुऱ्हाडी, थोड्या बंदुका घेऊन काहीशे माणसं नदीकाठाने न्यू ऑर्लिन्सकडे निघाली. दोन दिवसांत मळेवाल्यांच्या टोळ्यांनी आणि लष्कराने ते मोडलं. मारलेल्यांची आणि फाशी-गोळीची शिक्षा दिलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर खांबांना टोचून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावी म्हणून. व्हिटनीत त्याचं स्मारक आहे, सळयांवर मातीची मस्तकं. ते जरा बाजूला आहे. मुलं बरोबर असतील तर आधी एकट्याने बघून या आणि मग ठरवा.

लिंकनने १८६३ला सगळ्यांना मुक्त केलं ना?

शाळेत आपण असंच शिकलो. पण १ जानेवारी १८६३च्या जाहीरनाम्यात काही परगण्यांची नावं घेऊन त्यांना वगळलं होतं, कारण ते आधीच उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होते, आणि जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशापुरता होता. हे तिन्ही मळे ज्यात येतात ते सेंट जॉन आणि सेंट जेम्स परगणे त्या यादीत आहेत. म्हणजे तुम्ही ज्या तीन मळ्यांवर उभे राहणार, तिथल्या माणसांना त्या कागदाने मुक्त केलंच नाही. लुइझियानात गुलामी संपली ती १८६४च्या राज्यघटनेने, आणि सबंध देशात १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

गाईड 'स्लेव्ह' न म्हणता 'एनस्लेव्ड पर्सन' का म्हणतात? नुसता शब्दांचा खेळ नाही का?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एका वाड्यात, नाव लिहीत नाही, गाईडबाईंनी तासभर 'सर्व्हंट्स' हा शब्द वापरला. सर्व्हंट्स जेवण आणायचे, सर्व्हंट्स पंख्याची दोरी ओढायचे. पगार किती होता, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. त्या हसल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. आम्ही त्यांच्या मागून झुंबर बघायला गेलो, पण त्यानंतर माझं लक्ष लागलं नाही.

तेव्हा कळलं की शब्द कुठलाही घेतला तरी तो काहीतरी झाकतो किंवा उघडतो. मराठीत 'गुलाम' म्हटलं की जणू ती त्या माणसाची जातच. 'गुलाम केलेला माणूस' म्हटलं की केलं कुणी, हा प्रश्न आपोआप येतो. टूर निवडताना हीच कसोटी लावा: संकेतस्थळावर वाड्याच्या आतल्या माणसांची नावं जास्त आहेत की बाहेरच्या?

आपला महाराष्ट्राचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या भल्या माणसांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यात आहे. म्हणजे तेरावी घटनादुरुस्ती होऊन आठ वर्षंही झाली नव्हती, आणि पुण्यात बसलेला एक माणूस या नदीकाठची बातमी ठेवून होता. पुढे १९४६मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि १९७२मध्ये मुंबईतल्या तरुणांनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं.

मी हे गाईडला सांगितलं. त्याने फुल्यांच्या नावाचं स्पेलिंग विचारून हातावर लिहून घेतलं.

मुलांना न्यावं का?

दहा-बाराच्या पुढची असतील तर जरूर. त्याहून लहानांना ऊन आणि दीड तास चालणं हेच मोठं संकट. माझ्या मुलीला सगळ्यात जास्त आठवते ती घंटा. कामावर बोलावायची मोठी घंटा तिथे आहे आणि पाहुण्यांना ती वाजवू देतात, तिथे राबलेल्यांची आठवण म्हणून. तिला वाटलं देवळातल्यासारखी वाजवायची. एकदा वाजवल्यावर तिने विचारलं, ही वाजली की त्यांना उठावंच लागायचं का.

आई-बाबांना झेपेल का? ऋतू कुठला बरा?

जून ते सप्टेंबर नको. कोकणातल्या मे महिन्यासारखा घाम, आणि सावली कमी. शिवाय जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने. ऑगस्ट २०२१मध्ये आयडा वादळाने व्हिटनीचं बरंच नुकसान केलं आणि ते काही काळ बंद होतं. ऑक्टोबरअखेर ते मार्च उत्तम. नोव्हेंबरात गेलात तर गाळपाचा हंगाम चालू असतो, उसाचे ट्रक धावत असतात आणि पाचट जाळल्याचा धूर येतो. बाबांनी त्या वासावर डोळे मिटले होते.

टोपी, पाणी, डासांचं मलम आणि बंद बूट. पावसानंतर चिखल होतो. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढताना चाकाच्या खुर्चीची चौकशी करा. मोठ्या वाड्यांच्या वरच्या मजल्यावर जिनेच असतात.

शाकाहारी जेवणाचं काय?

बरोबर न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. ओक ॲलीत रेस्टॉरंट आहे, पण दक्षिणेत राजमा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, आत सॉसेज किंवा डुकराचं हाड असतं. गंबो या तिथल्या दाट रश्श्याचंही तेच. मजा अशी की गंबो हे नावच आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलंय. भेंडी आफ्रिकेतून आली, नाव तिचं राहिलं, आणि आता पुष्कळ गंबोंत भेंडीच नसते.

फोटो काढलेले चालतात का? आमच्या मैत्रिणीला डोहाळजेवणाचं फोटोशूट करायचंय.

फोटोला मनाई नाही. पण नावांच्या भिंतीसमोर सेल्फी नको, आणि मुलांच्या स्मारकाजवळ तर नकोच. फोटोशूटबद्दल: डिसेंबर २०१९मध्ये पिंटरेस्ट आणि द नॉट या संकेतस्थळांनी प्लँटेशनवरच्या लग्नांची जाहिरात करणं थांबवायचं ठरवलं, आणि तेव्हापासून वाद चालू आहे. मैत्रिणीला न्यू ऑर्लिन्सच्या सिटी पार्कमध्ये न्या. ओक तिथेही आहेत.

गाईडला टिप द्यायची का?

द्या. माणशी तीन-चार डॉलर रोख. हा माणूस दिवसातून कित्येकदा हीच गोष्ट सांगतो, आणि दर गटात "पण काही मालक चांगलेही असतील ना?" म्हणणारा एक जण असतोच.

येताना आठवण म्हणून काय आणावं?

दुकानात पुस्तकं चांगली असतात. साखरेच्या पुड्या मी घेत नाही. मी पिकन घेते, अक्रोडासारखा तिथला सुका मेवा, कवचासकट.

त्याचं कारण ओक ॲलीतला अंत्वान. तो तिथला गुलाम माळी होता; आडनाव माहीत नाही. पिकनचं झाड बी लावून वाढवलं तर फळ कसं निघेल याचा नेम नसतो, आणि कलम बांधायला ते फार अवघड. १८४६-४७च्या हिवाळ्यात अंत्वानने पातळ कवचाच्या चांगल्या झाडाच्या काड्या आणून सोळा झाडांवर कलमं बांधली, आणि ती धरली. विक्रीजोगं कलमी पिकन तिथून सुरू झालं. पुढे १८७६च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात त्या पिकनला बक्षीस मिळालं, आणि वाणाचं नाव पडलं 'सेंटेनियल'. अंत्वानचं नाव त्यावर नव्हतं.

बाबांनी घरी आंब्याची कलमं बांधलेली आहेत. ही गोष्ट ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, पाचर कलम की भेट कलम? मला सांगता आलं नाही. ह्यूस्टनच्या दुकानात पिकन बारा महिने मिळतात, सोललेले नका घेऊ. दोन पिकन मुठीत धरून एकमेकांवर दाबले की पातळ कवचाचा लगेच फुटतो, अडकित्ता लागत नाही.